म्हशीची लाथ

आई, तुझ्या पायाला नक्की काय झालं होतं ते मला आज कळायला हवं आहे, आणि सांगायला तू नाहीस. आपल्या गावी, केंदूरला, कुणी विचारलं की तू म्हणायचीस, "म्हशीनं लाथ मारली, तवापासनं पाय वढतोय." मावशीला सांगताना डावा पाय असायचा, चुलतीला सांगताना उजवा. हातातून तांब्या निसटला तरी दोष म्हशीचाच. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी तू चुलीपुढे बसलीस ती ते जाईपर्यंत उठलीच नाहीस. मला तुझा भयंकर राग आला होता.

आता माझं ऐक. सणसवाडीच्या कंपनीत पॅकिंगला उभं राहून पाय बधिर व्हायला लागले, मग एका डोळ्यानं धूसर दिसू लागलं. लेकीनं पुण्याला नेऊन एमआरआय करून आणला. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे नसांवरचं आवरण झिजतं. "घरात आधी कुणाला होतं?" डॉक्टरांनी विचारलं. मला तुझी म्हैस आठवली. तिथं बाहेर बसलेल्या बायका आपापलं सांगतात. एकीचं बाळंतपणापासून, एकीचं सासूच्या तेराव्यापासून. मला एकीचंही खरं वाटत नाही. मी तरी काय, सुपरवायझरला मणक्यातला गॅप सांगितलाय, शेजारणीला बी-ट्वेल्व्ह. कुणी नुसतं "जपा" म्हणालं तरी वाटतं, याला कळलंय. तुलाही असंच व्हायचं का गं?

परवा लेकीला बघायला दौंडचे पाहुणे आले. मी आधीच खुर्ची धरून बसले, नमस्कारही बसूनच केला. मुलाच्या आईनं विचारलंच, "पायाला काय झालंय वं ताई?" आईला आहे म्हणून मुलीला होईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण दौंडला पोचेपर्यंत त्याचं 'त्यांच्या घरातच आहे' झालं असतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हशीनं लाथ मारली, लहानपणी, माहेरी." चहाचा ट्रे धरून लेक माझ्याकडे बघतच राहिली.

पाहुणे गेल्यावर कपबशा विसळत तिनं विचारलं, "आई, आजीला पण हेच होतं का गं? मला खरं सांग."

"न्हाई गं. तिला म्हशीनंच मारलं."

दौंडहून होकार आलाय. हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून तुला सांगते. ती म्हैस फार गरीब होती. मी तिच्या पायांत बसून खेळायचे, आणि तू कधी मला हाकललं नाहीस.