आईच्या दारातले बूट

प्रिय गुन्वोरताईस,

सिक्स्टनचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? माझी प्रकृती ठीक. रक्तदाब तेवढा आहे, पण तो तू आईचं घर संग्रहालयाला देऊन टाकलंस तेव्हापासूनचा. (टोमणा नाही, डॉक्टरांना सांगितलं तेच तुला सांगतोय.) तेव्हापासून आपण बोललेलो नाही, म्हणून पत्र जरा लांबेल.

यंदा पेन्शनरांच्या बसमधून पॅरिस, व्हिएन्ना, कोपनहेगनची संग्रहालयं पाहिली. माझं मत काही फार चांगलं झालं नाही. सगळीकडे खुर्च्या आहेत आणि बसायचं नाही. घड्याळं आहेत, पण बंद. व्हिएन्नात कुठल्याशा राणीचं जेवणाचं टेबल मांडलेलं, चमचे लखलखीत, आणि आम्ही उपाशीपोटी त्याच्याभोवती फिरतोय. पॅरिसला एका चित्रासमोर इतकी गर्दी, की मला फक्त पुढच्या जर्मन माणसाचं टक्कल दिसलं. ते मात्र निवांत बघितलं.

येताना बस तुझ्या त्या, जुनी घरं उचलून आणून मांडलेल्या संग्रहालयात थांबली. आपलं घर तिथे उभं आहे, ताई. लाल रंग नवा, चूल तीच. मी आत पाऊल टाकलं, आणि हातांनी आपोआप बूट काढून दाराच्या डाव्या बाजूला भिंतीशी लावून ठेवले. (घरात बूट घालून कोण फिरतं?) पुढे दोरी होती. ती ओलांडून चुलीजवळच्या बाकावर बसलो आणि मला रडू आलं.

टेबलाच्या कडेला तू जेवणाच्या काट्याने ओढलेली रेघ आठवते? नाताळचा तो बुळबुळीत मासा खायचा नव्हता म्हणून? तिच्याखाली आता पाटी आहे: 'अनिष्टापासून घराचं रक्षण करणारं जुनं चिन्ह.' आपल्या घरातलं अनिष्ट म्हणजे तो मासाच, तेव्हा मी दुरुस्ती सुचवली नाही.

तेवढ्यात रखवालदार बाई आल्या. "आजोबा, उठा. तो बाक बसायला नाही."

"बाई, हे माझं घर आहे."

"सगळे असंच म्हणतात. चला, या बाहेर."

बाहेर येऊन बघतो तर दुसऱ्या रखवालदाराने दोरी माझ्या बुटांच्या पुढून बांधलेली, आणि एक मास्तरीण मुलांना बुटांवरचा चिखल दाखवून शेतकऱ्यांच्या हालअपेष्टा समजावतेय. मी बूट उचलायला वाकलो.

"आत्ता घर तुमचं होतं, आता बूटही तुमचे?" बाई म्हणाल्या. दोरीच्या आतली वस्तू हलवायला प्रमुखांची परवानगी लागते, आणि प्रमुख सुट्टीवर. मी तिथल्याच दुकानातून लोकरीच्या सपाता घेऊन घरी आलो.

तुझा भाऊ,
सिक्स्टन

ता. क. बूट परत पाठवावेत असं तू त्यांना लिहावंस, असं माझी बायको म्हणते. तुझं त्यांच्याशी जमतं.

ता. क. दुसरा. लिहू नकोस. डोळे अधू झाल्यावर आई पायाने दारातले बूट चाचपून कोण घरी आलंय ते ओळखायची. माझे डावीकडे आहेत. उजवीकडची तुझी जागा रिकामी आहे. रविवारी ये. जुने बूट घालून ये. परतीसाठी तुझ्या मापाच्या सपाता मी घेऊन ठेवल्यात.