घ्यायला जायचं माणूस

धुळे,
२५ मार्च १९९२

हेल्गा,

इकडे सर्व खुशाल, तिकडे तूही असशील. पत्राची सुरुवात अशी करायची हे मीच तुला शिकवलं, म्हणून केली. ‘प्रिय’ लिहायचंही शिकवलं होतं, ते लिहीत नाही. तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तेव्हा हेल्गाअक्का म्हण, असं आई सांगायची. तेव्हा म्हटलं नाही, आता तर मुळीच नाही.

तुझं पत्र पोचलं. आबा रविवारी गावाहून बसने घेऊन आले. पाकीट फोडलेलं नव्हतं. गावात वाचणारे पुष्कळ आहेत, पण लेकीचं पत्र लेकीनंच वाचायचं हा आईचा हट्ट. म्हणून माझं लग्न झालं तरी तुझं प्रत्येक पाकीट एरंडोलवरून धुळ्याला माझ्या दारी येतं, मी वाचून सांगते ते आबा डोक्यात ठेवतात आणि घरी जाऊन आईला ऐकवतात.

तुला वाटत असेल, तू गेल्यावर आम्ही सगळे तुझी आठवण काढत रडत बसलो. गावाचं म्हणशील तर तुझं नाव अजून निघतं. शाळेच्या ओट्यावर तू पोरांना शिकवलेली ती टाळ्यांची इंग्रजी गाणी पुढच्या वर्षीच विसरली गेली, पण परदेशातून कुणी पोरगी आपल्या पोरांना फुकट शिकवायला आली आणि आपल्यातच जेवली-झोपली याचं लोकांना फार कौतुक. शिकवलंस वर्षभर, राहिलीस मात्र तू आमच्या घरात. माझ्या गोधडीत, माझ्या ताटाशेजारी. तुला तिखट लागतं म्हणून आई भाजी वेगळी काढायची. मला तिनं असं कधी विचारलं नव्हतं. अखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, तर तिनं सगळ्या गल्लीला सांगितलं की मला दोन लेकी आहेत, थोरली हेल्गा, धाकटी कमल. अठरा वर्षं मी एकुलती एक होते आणि एका सकाळी धाकटी झाले. कडुनिंबाला झोका बांधला तर पहिली बसलीस तू. माझ्यासाठी आणलेलं हिरवं लुगडं नेसलीस तू, आणि तुला ते नीट नेसताही येत नव्हतं.

हे सगळं मी गिळलं असतं. पारोळ्याची मंडळी आली तो दिवस मात्र नाही.

मी पोह्यांच्या बशा घेऊन आले. मुलगा शिक्षक होता, मान खाली घालून बसला होता. तुला कुणी काही विचारलं नव्हतं. तू आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सरळ सांगून मोकळी झालीस की कमलला आता लग्न नको, तिला जळगावला कॉलेजात शिकायचं आहे. त्या मंडळींनी बशा खाली ठेवल्या. पोहे तसेच राहिले. आबांनी त्या दिवसापासून महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं, आणि तू पंधरा दिवसांनी सगळ्यांच्या पाया पडून विमानात बसलीस. तुझं परतीचं तिकीट आल्या दिवसापासून तुझ्या पेटीत होतं. माझ्याकडे कुठलं होतं? या पोरीच्या डोक्यात काय भरलंय कोण जाणे, म्हणून आबांनी वर्षाच्या आत मला धुळ्याला देऊन टाकली. पितांबर वाईट नाहीत, मोटारपंप दुरुस्त करतात, हात उगारत नाहीत. पण कॉलेजची इमारत मी अजून आतून पाहिलेली नाही.

तू खोटं बोलली नव्हतीस, हे मला माहीत आहे. शिकायचं आहे हे मीच तुला गच्चीवर सांगितलं होतं. आबांना माझ्या तोंडाने, माझ्या वेळेला सांगणार होते मी. तू ते माझ्याकडून काढून घेतलंस. लुगड्यासारखंच.

आता तुझ्या पत्राचं. दर वर्षी होळीच्या आधी तू एकच गोष्ट विचारतेस. ‘आई, सासरी गेलेली लेक कुणी घ्यायला आल्याशिवाय माहेरी येत नाही, असं तू सांगितलं होतंस. यंदा अखाजीला मला घ्यायला कोण येणार?’ चार वर्षांत तुझं अक्षर सुधारलं. ही ओळ तेवढी बदलली नाही.

ही ओळ मी आईला कधीच ऐकवली नाही.

हेल्गा खुशाल आहे, यंदा जमत नाही म्हणते, एवढंच मी वाचायचे. तीनदा वाचलं. आई उत्तर सांगायची तेही मी लिहिलं नाही. ती म्हणायची, हेल्गाला लिही, निघून ये. मी लिहायचे, पाऊस बरा आहे, म्हैस व्याली. तू माझं अक्षर ओळखतेस. तुला कधीच शंका आली नाही का? आली असती तर मला बरं वाटलं असतं.

मला वाटलं होतं, तू विसरलीस असं आईला वाटेल आणि मी पुन्हा एकटी लेक होईन. तिला ते वाटलंच नाही. जमत नाही असं लेक कधी म्हणते, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. गेल्या अखाजीच्या आदल्या दिवशी आबा धुळ्याला आले, मी पिशवी भरून तयार बसले होते. ते उंबऱ्यातच उभे राहिले. हातात सांजोऱ्यांचा डबा होता. तो माझ्या हातात दिला आणि आईचा निरोप सांगितला, तिच्याच शब्दांत.

“तिले घेवाले आपलं कोन्हीच गयं नही, मंग ती कशी येई? एक पोर आनानी नि दुसरीले तठेच ठेवानी, असं माले जमाव नही.”

म्हणजे मलाही न्यायचं नाही. आबा पाणी पिऊन परतीच्या बसने गेले. गल्लीतल्या सगळ्या सुना माहेरी गेल्या होत्या. माझ्या सासूबाई रुक्माबाईंनी शेजारणीच्या देखत विचारलं की हिचं माहेर उठलं की काय. मी दार लावून एकेक सांजोरी खाल्ली, रडत खाल्ली. तुला शिव्या देत होते. नंतर नंतर तुला नव्हते देत.

तिकडे आईकडेही कडुनिंबाला झोका बांधलाच नव्हता, हे पुढे कळलं.

रविवारी आलेल्या पत्रात तू लिहिलंस, यंदा शेवटचं विचारते, पुन्हा विचारणार नाही. आबा समोर बसले होते. माझ्या तोंडात ‘जमत नाही’ तयार होतं. मी त्यांना सांगितलं की अक्षर नीट लागत नाही, नंतर कळवते. एवढंच जमलं. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही, मला तिची भीती वाटते. यंदाही तू आली नाहीस तर आबा माझ्या दारी येणार नाहीत, आणि त्याचा दोष मी कुणाच्या माथी मारणार?

तेव्हा नीट वाच. अखाजी ५ मेला आहे. आबा कधी जळगावच्या पुढे गेलेले नाहीत, ते तुला घ्यायला येणार कसे? घरातलं माणूस यावं लागतं, आणि घरात लिहितावाचता येणारी मी एकटीच आहे. म्हणून मी आले आहे. हे पत्र म्हणजे मीच, दारात उभी आहे असं समज आणि पिशवी भर. आमच्याकडे घ्यायला आलेल्या माणसाला लेक रिकाम्या हाताने परत पाठवत नाही.

मुंबईहून आधी धुळ्याला उतर. इथून दोघी बरोबर जाऊ. तुझी चारही पत्रं मी पिशवीत घेतली आहेत. घरी पोचल्यावर ती तूच आईला वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. मी तिच्यासमोरच बसेन. ती काय म्हणेल ते म्हणू दे.

मी तुला माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस. झोक्यावर मात्र यंदा पहिली मी बसणार.

वाट पाहते,
तुझी धाकटी
कमल