नाताळ झाला की सोडतो

॥ श्री ॥
विसरवाडी,
ता. ४-१२-१९६१

तीर्थरूप सौ. तापीआक्का हिचे सेवेशी, गिरधरचा शि. सा. न. वि. वि.

इकडे मी, कौसा आणि उखा खुशाल आहोत. तुझी व दाजींची खुशाली कळव. दाजी अजून जेवताना पेपर वाचतात, की तू तो चुलीत घातलास?

यंदा हॉटेलात मान वर करायला फुरसत नाही. सारंगखेड्याची यात्रा आणि इकडच्या ख्रिस्ती मंडळींचा नाताळ एकाच वेळी आले. घोडेवाले, तमाशाच्या गाड्या, सुरतेचे ट्रक, सगळे आपल्याच नाक्यावर थांबतात. शिवाय नाताळच्या मेळाव्याला जिलेबी-भजी पुरवायचं काम मी घेतलंय, सायमन मास्तरांना तसा शब्द दिलाय. कढईवर आपला धाकटा आहेच. उखासारखा घाणा काढणारा या रस्त्यावर दुसरा नाही.

एक गंमत सांगतो. परवा एका ड्रायव्हरने भजी गार आहेत म्हणून उखाला आईवरून शिवी हासडली. उखाने त्याचं मनगट धरलं आणि तापल्या तेलावर नेलं. मी मध्ये पडेपर्यंत सोडलं नाही. एवढा मिशाळ गडी, पण बोंबलत होता. तेव्हापासून सगळे मुकाट्याने खातात! उखा मात्र हल्ली बोलत नाही. आडवा पडला तरी डोळे टक्क उघडे असतात, असं कौसा म्हणते. दमला असेल.

थोरल्या बहिणीची माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
गिरधर

॥ श्री ॥
प्रकाशे,
ता. ९-१२-१९६१

चि. गिरधर यास तापीआक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. दाजींचा पेपर शाबूत आहे, माझाच जीव थाऱ्यावर नाही. तुझी गंमत मला गोड लागली नाही. घरी कोंबडी कापायची म्हटलं की उखा तापीच्या वाळूत जाऊन बसायचा, विसरलास? तो माणसाचा हात तेलावर धरतो आणि तू हसतोस!

दिवाळीला इथे आला तेव्हा राखेने हात घाशीत बसला होता, कातडं सोलवटेपर्यंत. मी दटावलं तर म्हणाला, तेलना वास जात नही, मन्हा हात झोपमा बी हालतस. मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्याला मिळेल त्या मोटारीत बसवून दे. इथे चार दिवस झोपेल, मग नंदुरबारच्या डॉक्टरांना दाखवू. डोकंही अंगासारखंच दुखतं, त्यात लाज कसली?

हॉटेल तुझं आहे, पण भाऊ दोघांचा आहे. नाताळ पुढच्या वर्षीही येईल. कौसाला आशीर्वाद सांग आणि माझ्या जिवाला घोर लावू नकोस.

तुझी,
आक्का

॥ श्री ॥
विसरवाडी,
ता. १५-१२-१९६१

ती. सौ. आक्कास, गिरधरचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. रागावू नकोस, पण तुला भट्टी म्हणजे घरची चूल वाटते. ऐन हंगामात दुसरा आचारी कुठून आणू? मास्तरांना दिलेला शब्द मोडला तर या नाक्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

तुझंही अगदीच चुकीचं नाही म्हणा. सोमवारी आपला वाढपी भिला याच्या हातून थाळी पडली, तेवढ्यावरून उखाने तापलेल्या झाऱ्याने त्याचं कपाळ फोडलं. पडल्यावरही मारत होता. भिलाचा कान अर्धा तुटला. तेव्हा मी उपाय केला. आपल्या घरी मारका बैल विकत नसत, बांधून ठेवून त्याच्याकडून काम घेत. तसं उखाच्या पायात बैलाची साखळी घालून भट्टीजवळच्या खांबाला कुलूप ठोकलं. किल्ली माझ्या करदोड्याला आहे, म्हणजे हरवायला नको. गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून पुढे गोणपाट सोडलंय. खाणंपिणं जागेवर मिळतं. त्याला कोणी बोटही लावत नाही.

नाताळ झाला की सोडतो. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे नेऊ. दाजींना नमस्कार. रागातही आशीर्वाद चालू ठेव.

गिरधर

प्रकाशे,
ता. १९-१२-१९६१

गिरधर,

आशीर्वाद मागाहून. आधी ती साखळी काढ.

मारक्या बैलालाही दिवस मावळला की कामातून सोडतात रे, मूर्खा. पत्र वाचून दाजी ताटावरून उठले. यात्रेमुळे मोटारी दाराला माणसं लोंबकळून चालल्यात, दोनदा आम्ही स्टँडवरून परत आलो. आता मिळेल त्या ट्रकने आम्ही दोघं येतो. तोवर कढई उतरव. जिलेबी न मिळाल्याने कोणाचा देव उपाशी राहत नाही. उखाला काही झालं तर तुझ्या घरचं पाणी मला वर्ज्य.

आक्का

॥ श्री ॥
नवापूर,
ता. २५-१२-१९६१

ती. सौ. वन्संस, कौसाबाईचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला अजून ट्रक मिळाला नसेल, चुकामूक नको म्हणून हे पत्र ओळखीच्या माणसाबरोबर पाठवते. विसरवाडीला उतरू नका, सरळ नवापूरच्या दवाखान्यात या. दोघेही भाऊ जिवंत आहेत.

काल दुपारी गर्दी पार रस्त्यापर्यंत होती. एका ड्रायव्हरने गोणपाट उचकटलं, साखळी पाहिली आणि अस्वल बघा अस्वल म्हणून लोकांना बोलावलं. उखाभाऊजींच्या तोंडावर त्याने भजं फेकलं. भाऊजींनी मान वर केली नाही, घाणा काढत राहिले. मग हेही हसले आणि हात चालू ठेव म्हणाले. तेव्हा भाऊजींनी उघड्या हातांनी कढईचे कान धरले आणि कढई उलथली. तेल ह्यांच्या पोटा-मांड्यांवर गेलं. धोतर ओढलं तर कातडीही त्याबरोबर आली. ड्रायव्हरचा एक डोळा गेला. तो पडला तरी साखळी पुरेल तिथपर्यंत येऊन भाऊजी त्याला झाऱ्याने मारत होते. तोंडातले दात मातीत पडले. लोकांनी त्याला आणि ह्यांना ओढून बाहेर काढलं, तेवढ्यात छपराने पेट घेतला.

भाऊजी आत खांबाला बांधलेले, किल्ली ह्यांच्या कमरेला. गाठ सुटेना. मी विळीने करदोडा कापला. बायका ओरडल्या की करदोडा मेल्यावर काढतात, जित्या नवऱ्याचा तोडू नको. मी तोडला. ओलं पोतं डोक्यावर घेऊन आत गेले. कुलूप इतकं तापलेलं की बोटांची सालं त्याला चिकटली. ओळख पटण्याआधी भाऊजींनी माझ्याही खांद्यावर झारा घातला. पाय सुटला तशी माझ्या अंगावर कोसळले, वहिनी, माले झोपू दे, फक्त झोपू दे, असं म्हणत होते. सायमन मास्तरांनी मेळाव्याची गाडी रिकामी करून आम्हाला इथे आणलं.

भाऊजी कालपासून झोपलेच आहेत. हे शुद्धीवर आले की मला शिव्या देतात, मला विधवा व्हायची घाई झाली होती म्हणतात. मी काय वाईट केलं ते तुम्हीच सांगा, वन्सं. लवकर या.

तुमची,
कौसा

॥ श्री ॥
प्रकाशे,
ता. २२-२-१९६२

चि. गिरधर यास आक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं. जखमा भरल्या, नवं छप्पर चढलं, वाचून बरं वाटलं. कौसाला तू माहेरी धाडलंस, तिने अपशकुन केला म्हणून. तुझं पत्र येण्याआधीच, परवा, तिला मी इथे आणली. तिची दोन बोटं आता वाकत नाहीत. तुझा करदोडा तुटूनही तू मेला नाहीस आणि उखा वाचला, यात अपशकुन कोणता ते मला कळलं नाही. तुझी अक्कल ठिकाणावर येईतो ती इथेच राहील.

उखाचं विचारशील तर दवाखान्यातून इथे आणल्यापासून बरा होतोय, पण सावकाश. चूल पेटली की अंगणात जातो. मागे एकदा झोपेत दाजींचा गळा धरला, सोडवता सोडवता मलाही मार बसला. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. परवा मात्र नदीवर गेला, आपण होऊन आंघोळ केली, येताना गोवऱ्या उचलून आणल्या. मी कौसाला मिठी मारून रडले.

काल तुझं पत्र दाजींनी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. होळीच्या बाजाराची गर्दी होईल, उखाला आता पाठवून द्या, हे त्याच्या कानावर पडलं. तो उठला, सदरा घातला आणि दारात जाऊन उभा राहिला. कुठे निघालास म्हटलं तर म्हणाला, दादानी बलायं, जावाच पडी. उभ्या उभ्या धोतर ओलं झालं होतं त्याचं. त्याला कळलंही नाही.

गिरधर, भाऊबीजेला ये, मी ओवाळीन, पुरणपोळी करीन. पण त्याला न्यायला येऊ नकोस. न्यायला आलास तर दाराआड लाकडं फोडायची कुऱ्हाड आहे, आणि भाऊ म्हणून माझा हात थांबणार नाही. माया आहे तुझ्यावर, म्हणून आधी कळवते आहे.

तुझी,
आक्का