दोरे बांधलेल्या बाटल्या

चि. धाकटीस थोरलीचे पोटभर आशीर्वाद. तुझे गुडघे, तुझ्या यजमानांची साखर आणि नातवाचं वाहतं नाक आपापल्या मर्यादेत असेल अशी आशा करते. आमच्याकडे मात्र एकाही माणसाचा एकही अवयव ताळ्यावर नाही. (सूनबाई लिहून घेते आहे. तिच्याबद्दल बोलले की पेन जरा थांबतं, पण शब्द गाळत नाही. एवढं मानलं पाहिजे.)

सुरुवात मुलाच्या सर्दीपासून झाली. पुरुषाची सर्दी कशी असते ते तुला काय सांगायचं. दोन शिंका आल्या की हा निरवानिरवीची भाषा बोलू लागतो. ती उतरते न उतरते तोच त्याच्या छातीत जळजळ सुरू झाली, सूनबाईची कंबर धरली आणि नात तापली. ताप मीच ओळखला. पाठीवरून हात फिरवला तर फोड हाताला लागले. डॉक्टर म्हणाले कांजिण्या आहेत, खाजवू देऊ नका. पाच वर्षांच्या पोरीला खाजवू नकोस म्हणणं म्हणजे पाण्याला वाहू नकोस म्हणणं.

आता औषधांचं कपाट या घरात वीस वर्षं माझ्याकडे आहे, म्हणजे होतं. मला अक्षर येत नाही, पण माझी रीत तुला ठाऊक आहे. बाटलीच्या गळ्याला दोरा: पोटाला लाल, कातडीला हिरवा, खोकल्याला पिवळा, आणि दिवसातून जितक्या वेळा द्यायचं तितक्या गाठी. आजवर एक चमचा चुकला नाही. त्या दिवशी हिरवा दोरा बघून मी नातीला मानेपासून टाचेपर्यंत गुलाबी औषध चोपडलं आणि लाल दोरा बघून मुलाला चमचाभर गुलाबी औषध दिलं; दोन्ही औषधं रंगाने सारखीच. मुलगा मोरीकडे थुंकत पळाला. म्हटलं, नखरे. अर्ध्या तासाने नात किंचाळली. पोटाचं औषध गोड असतं, धाकटे, आणि तेच पोरीच्या अंगाला लागलं होतं. घरातल्या झाडून सगळ्या मुंग्या रांगेने पोरीच्या अंगावर चढत होत्या. तिला तीनदा आंघोळ घातली, पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. डॉक्टर फोनवर आधी हसले आणि मग रागावले. (हसले तेच जास्त लागलं.)

दोऱ्यांची अदलाबदल झाली, दुसरं काय? मी चारचौघांत सांगून टाकलं की सूनबाईने कपाट पुसताना दोरे सोडले आणि हाताला येतील तसे बांधले. ती एक शब्द बोलली नाही. (अपराधी माणूस गप्पच असतो. बघ, हेही लिहिलं तिने.) मुलाने कपाटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाला, "आई, आता तू आराम कर." आराम कर म्हणजे काय, हे आपल्या वयात समजावून सांगावं लागत नाही. माझी स्वतःची रक्तदाबाची गोळी मी आता हात पसरून घेते. ज्यांची ढुंगणं धुतली ते मला पाण्याचा पेला हातात देऊन, गिळली का म्हणून बघत उभे राहतात. कुणी शिंकलं तरी माझ्याकडे कुणी वळून बघत नाही. जगायचं ते कशासाठी, सांग. बाकी सर्व क्षेम.

ता. क. – कंबरेला शेक देत जा. (हे सूनबाईलाही ऐकू जावं म्हणून सांगते आहे.)

ता. क. दुसरा – हे अक्षर खालच्या शिंप्याचं. पाकीट चिकटवून आणते म्हणून खाली आले आहे. धाकटे, सूनबाईने दोऱ्यांना हात लावला नव्हता. मलाच हल्ली लाल-हिरवं एकच दिसतं, सगळं धुरातून बघितल्यासारखं. पोरीचे फोडही मी डोळ्यांनी पाहिले नव्हते. आळ घेऊन बसले आणि आता जीभ मागे फिरत नाही. तू ये. तुझेच डोळे दाखवायचे आहेत, सोबत हवी असं सांग आणि मला घेऊन चल. घरात कळलं तर ती किल्ली या जन्मी माझ्या हाती येत नाही. (शिंपी म्हणतो, सुनेला सांगा. त्याला कापडातलं कळतं.)

ता. क. तिसरा – मावशी, शिंप्याने पत्र टाकायला माझ्याकडेच दिलं, तेही उघडं. डिंक संपला म्हणे. दोरे जागच्या जागी होते हे मला त्याच दिवशी दिसलं होतं. पण आई बोलता बोलता बाटली डोळ्यांजवळ नेऊन दोरा चाचपत होत्या, मग माझ्याने बोलवेना. बुधवारी सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे दोन नंबर लावले आहेत, एक तुमच्या नावाने आणि एक सोबत येणाऱ्या बाईंचा. मंगळवारीच या. उंबऱ्यापासूनच डोळे चोळायला लागा, आणि मी कितीही नको म्हटलं तरी आईंना घेऊन जा.