सिल्वीचा गुडघा आणि बर्फाचे जोडे

५ डिसेंबर, शुक्र.
आणि वर सिल्वी मलाच म्हणते, "मम्मी, तुला नाही कळणार." सायकलच्या शर्यती मारणाऱ्या पोरीने पायी चालायला मनालीला जायचं, तेही ऐन नाताळात, हे कुणाला कळेल? तिने सायकल शिकवणाऱ्या सरांना फोन लावून दिला. ते म्हणाले, तिचा उजवा गुडघा सायकलने दुखावलाय. थंडीत सायकल बंद. पायाला जाळीचे जोडे बांधून बर्फात चाललं की धक्का न बसता मांड्या तयार होतात, दम वाढतो. फेब्रुवारीत शर्यतीच्या संघाची निवड आहे. तोवर गुडघा सुधारला नाही तर नाव कटेल.
मी म्हटलं, बर्फ मला माहीत आहे. रोज मासळीवर टाकते.
सर हसले. सि. हसली नाही.

७ डिसेंबर, रवि.
चर्चमधून मिस्सा आटपून आले तर ओट्यावर दोन जाळ्या. लाकडाची चौकट, आत दोरी विणलेली, आकाराने सुपाएवढ्या. मला वाटलं ह्यांनी मासळी सुकवायला आणल्या. मांदेली होतीच, पसरली दोन्हीवर, उन्हात ठेवली.
सि. दुपारी उठली.
"मम्मी! सरांचे स्नोशू आहेत ते!"
"मग आत ठेवायचे ना. ओट्यावर ठेवलं की ते माझं."
हे इतके हसले की ठसका लागला. साबणाने तीनदा घासले, लिंबू लावलं. वास काही गेला नाही. शेवटी तीही हसली. किती दिवसांनी.

९ डिसेंबर
ओहोटीला आमच्या पाचूबंदरच्या चिखलात शिवल्या, म्हणजे शिंपल्या, काढायला गेले, सि. मागे आली. जोडे बांधून चिखलात सराव करणार म्हणे. चौथ्या पावलाला स्वतःच्याच जोड्यावर पाय दिला आणि आडवी. केसांपर्यंत चिखल.
म्हटलं, काढ ते. आधी अनवाणी चाल. पाय सरळ उपसू नको, चिखल सोडत नाही. टाच थोडी फिरवून सोडव. पायांत अंतर ठेव. घाई करशील तर पडशील.
"तू घाई नको म्हणतेस? तू?"
चिखलात मी घाई करत नाही. बाकी सगळीकडे करते.
माझा हात धरून पार होड्या बांधायच्या खुंटापर्यंत चालली. मग जोडे बांधून परत आली, पडली नाही. लहान असताना असाच हात धरायची. हे तिला बोलले नाही.

१३ डिसेंबर
गेली. पिशवीत सुकट घातलेलं तिने काढून ठेवलं. मी परत घातलं.

२५ डिसेंबर
नाताळ. वड्या तिच्या वाटणीच्या डब्यात बाजूला काढल्या. फोन आला, म्हणते सगळ्यांचे जोडे सारखे, पण तिचे वासावरून ओळखतात. कँपातलं एक कुत्रं तिच्यामागूनच चालतं. सरांना तिची चाल आवडली. विचारलं कुठे शिकलीस. म्हणाली, पाचूबंदरला.
मी फोन ह्यांच्या हातात दिला. मी कांदा चिरत होते, डोळे झोंबले.

२८ डिसेंबर, रवि.
आज फोनवर तिचं तोंड दिसलं. गाल फाटलेत. "गुडघा एकदम ओके, मम्मी. सर म्हणतात अजून महिना राहा. राहू?"
मी म्हटलं, राहा. मग पोरींनी हाका मारल्या, फोन तसाच चालू ठेवून एका पोरीच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरली.
तीन पायऱ्या. तिरकी उतरली. दर पायरीला उजवा पाय ताठच आधी खाली, मग डावा त्याच्याजवळ. कठडा धरून.
ह्यांना सांगितलं. म्हणतात, थंडी असेल. थंडीने माणूस काकडतं, तिरकं होत नाही. तीस वर्षं चिखलात बायकांचे पाय बघतेय. कोण दमली, कोण दुखतंय लपवते, मला लांबून कळतं.

२९ डिसेंबर
झोप नाही. निवड गेली तर ती काय करेल, ते मला माहीत नाही. गुडघा गेला तर काय होईल, ते माहीत आहे.
सकाळी फोनमध्ये आवाज भरून तिला पाठवला. जसं बोलले तसं इथे लिहिते:
सिल्वी, ओरडणार नाही. मी राहा म्हटलं ते तोंड बघून म्हटलं, पाय नंतर बघितले. दुखत नसेल तर खुशाल राहा, वड्या पाठवते. दुखत असेल तर घरी ये, सायकल कुठे पळत नाही. पण खोटं नको. शनिवारपर्यंत सांग. सरांच्या तोंडून नको, तुझ्या. शनिवारी संध्याकाळपर्यंत आवाज आला नाही, तर रविवारी मी गाडीत बसते. बर्फात कसं चालायचं ते मला येतं.