सवयीच्या रकान्यात डिट्टो

१८ ऑगस्ट, सोम.
कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमना वीस वर्षांचा तक्ता हवाय. फुप्फुसाच्या कॅन्सरचे प्रकार, आधी कोणते, आता कोणते, बायका किती, विडीवाले किती. "सोपं आहे, रजिस्टरं तुमच्याच हातची आहेत." सोपं म्हणे! नांदेडच्या या दवाखान्यात नोंदणी कारकून म्हणून लागलो तेव्हाची रजिस्टरं वाळवीनं माझ्याआधी वाचून काढलीत. दिवसभर शिंका.

२० ऑ.
फरक दिसतोय खरा. आधी पानंच्या पानं स्क्वेमस, विडीवाल्यांचा म्हणतात तो प्रकार. आता अॅडिनो, विडी न ओढणाऱ्यांनाही होणारा, आणि बायकांतसुद्धा. मॅडमना हेच दाखवायचंय. पण जुन्या रजिस्टरात सवयीच्या रकान्यात काय? वर एकदा 'विडी', खाली पानभर डिट्टो. माळकरी म्हाताऱ्याला डिट्टो, गोदावरीबाईला डिट्टो. अक्षर माझंच. कुणाला विचारलंच नव्हतं. फुप्फुस म्हटलं की विडी, हात आपोआप चालायचा. गाढव आहे मी.

२२ ऑ.
उमरीला थोरल्या भावाला, अण्णाला फोन. वहिनी सहा महिने खोकतायत. बेडक्यात काही सापडत नाही, तरी टीबीच्या गोळ्या चालूच. वजन उतरलंय. म्हटलं, इकडे आण, सीटी करू.
"तिनं कदी विडीला हात लावला का? मंग? तूच म्हणलास ना बापू, ह्यो विडीवाल्याचा रोग हाय म्हणून. त्या भ्यानं म्या सोडली."
म्हणालो होतो. एका लग्नाच्या पंगतीत, मोठा शहाणा बनून.

२५ ऑ.
आता वहिनीच अडून बसल्या. "महालक्ष्म्या उठल्याबिगर म्या न्हाई हलत, भावजी. पुरण कोण शिजवील?" घरात गॅस आहे. पण महालक्ष्म्यांचं पुरण चुलीवरच. ओरडलो, फोन ठेवला. मग वाईट वाटलं. दहावीपर्यंत त्यांनीच मला जेवू घातलं, त्याच चुलीवर.

१ सप्टें.
उमरी. महालक्ष्म्यांचं जेवण. धाप लागून वहिनी दोनदा चुलीपुढून उठल्या, ओट्यावर जाऊन बसल्या. "पुरण लई छान झालंय," म्हणालो. दुसरं काय म्हणणार? अण्णा वाढायचं थांबून त्यांच्याकडे बघत राहिला. उद्या लक्ष्म्या उठतील, परवा निघायचं. अण्णा स्वतःच म्हणाला.

३ सप्टें.
सीटी झाली. उजवीकडे गाठ. तपासायला तुकडा काढायचाय. अण्णा जिन्यात बसून, "बापू, तू चुकत असशील बग एखाद्या टायमाला."
चुकलेलाच बरा.

१२ सप्टें.
मॅडमनी बोलावलं. आधी खुर्ची दिली, तेव्हाच कळलं. अॅडिनो. जीनची तपासणी पाठवलीय. जीनमध्ये हवा तो बदल निघाला तर गोळ्यांवर भागेल, नाहीतर सलाईनमधून औषध. दोन-तीन आठवडे वाट बघा.
सगळ्यांचा राग येतोय. टीबीच्या गोळ्या देणाऱ्याचा, अण्णाचा. स्वतःचा तर विचारूच नका. तो रकाना खरा भरला असता, तर निदान मी तरी पंगतीत तसं बोललो नसतो.

१५ सप्टें.
वहिनींची नोंद मीच घेतली. समोर बसवून एकेक प्रश्न.
विडी? नाही.
तंबाखू? "मिसरी लावायची, लग्नाच्या आदी."
चूल? "हाव. कदीपासून सांगू? आठ वर्साची हुते तवापासून."
घरात धूर किती, खिडकी कुठे, सगळं विचारलं. अर्धा तास गेला. शेवटी म्हणाल्या, "माझं इतकं कुणी इचारलं न्हाई बगा भावजी, आजवर."
पेन खाली ठेवून बाहेर जाऊन उभा राहिलो.

२९ सप्टें.
रिपोर्ट नाही. लॅबला दोनदा फोन. "पाठवतो सर." अण्णाचे मला पाच.
मॅडमना सांगून टाकलं, जुना सवयीचा रकाना खोटा आहे, तक्त्यात धरू नका. त्यांनी जुनं रजिस्टर ओढून पानं उलटली. मग म्हणाल्या, यातले जिवंत असतील त्यांना फोन करून विचारा.
वहिनींच्या ओळीखाली आज हिमायतनगरचा एक जण आला. सवयीच्या रकान्यात विडीचा 'वि' लिहूनही झाला होता. खोडला, वॉर्डात गेलो. झोपला होता. खाटेजवळ स्टूल ओढून बसलोय, उठेपर्यंत.