पाणी तापलंय, या

प्रिय ओफेलियाताई, सप्रेम नमस्कार.

तुझ्या गुडघ्यांची आणि भावजींच्या कानांची खुशाली कळव. (बहिरेपणा वाढला असेल तर तुमचा संसार उत्तम चालला असणार.) मी इकडे ताकुआरेम्बो गावात ठणठणीत आहे.

आमची कचेरी राजधानीत, मोंतेविदेओला गेली आणि मी घरूनच काम करू लागलो, तेव्हापासून येर्बाच्या कडू चहाचा एकच पेला हातोहात फिरवायला माणूस उरलेला नाही. एकटाच पानांवर गरम पाणी ओततो, एकटाच नळीने चहा ओढतो. (‘आभारी आहे’ म्हटलं की आणखी नको, हा आपला रिवाज, पण एकट्याने थांबायचं तर आभार कुणाचे मानायचे?) म्हणून एक ॲप बांधलं. पाणी तापलं की मी गल्लीभर निरोप सोडायचा, ज्याला यायचंय त्याने ‘येतोय’ दाबायचं. ॲप सर्व्हरलेस आहे, म्हणजे चोवीस तास यंत्र पोसायला नको. कुणी हाक मारली की दूर कुठेतरी माझा कोड उठतो, काम करतो, परत झोपतो. जेवढं काम तेवढंच बिल. सगळा उरुग्वाय एकदम तहानला तरी कोसळणार नाही. (भावजींनी ‘किती जण वापरतात?’ विचारलं तर या वेळी तू बहिरी हो.)

शेजारच्या नेलिदाबाई भिंतीवरून म्हणाल्या, ‘‘अरे वाल्देमार, पाणी तापलं तर हाक मार की मेल्या! मध्ये भिंत ती केवढी?’’ मी म्हटलं, ‘‘बाई, आधी नोंदणी करा.’’ तेव्हापासून त्या भिंतीपलीकडे फक्त कपडे वाळत घालतात.

मग गेल्या आठवड्यात चमत्कार झाला. रोज सकाळी कुणीतरी ‘येतोय’ दाबत असल्याचं दिसलं. मी दाढी केली, बिस्किटं आणली, दुसरी खुर्ची पुसली. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला रागच आला, ताई. यायचं नव्हतं तर दाबायचं कशाला? शेवटी खोदून पाहिलं तर तो मीच. बराच वेळ हाक आली नाही की कोड गाढ झोपतो आणि पुढच्या माणसाला ताटकळत ठेवतो. पहिलाच पाहुणा वैतागू नये म्हणून रोज सकाळी आपोआप बटण दाबून कोडला जागं करायची सोय मीच केली होती आणि विसरलो होतो. ती आता काढून टाकली. घर फार शांत वाटतं.

तुझा धाकटा,
वाल्देमार

ता.क. महिन्याचं बिल शून्य आलं. इतकं स्वस्त ॲप देशात कुणी बांधलं नसेल, हे भावजींना जरा मोठ्याने सांग.

आणखी ता.क. बटणाचा दुवा खाली दिलाय. खरंच यायला नको, गुडघे सांभाळ. नुसतं रविवारी दाब. दाबल्यावर थोडा वेळ काहीच होणार नाही, ते झोपेतून उठत असतं. कंटाळून सोडून देऊ नकोस. मी जागाच आहे.